मार्करला स्पर्धेत का खेळता येत नसे? टेनिस हा स्पर्धेचा खेळ कसा घडला याविषयी एक प्रश्न

प्रश्न : सातरस्ता (सोलापूर)

सर्व सभासदांना नमस्कार. प्रश्न टेनिसच्या इतिहासाचा असला तरी मला तो घरातूनच पडला आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी आधी सांगतो.

माझे आजोबा सोलापुरातील एका क्लबात मार्कर होते. तरुण सभासदांना हे पद कदाचित माहीत नसेल. क्लबाच्या सभासदांना पगारावर खेळ देणारा, नवशिक्यांना शिकवणारा आणि बहुतेक ठिकाणी कोर्टाचीही निगा राखणारा तो मार्कर. मातीच्या कोर्टावर पहाटे पाणी मारणे, रोलर फिरवणे, चुन्याच्या रेषा ओढणे आणि जाळे ताणून बांधणे ही सगळी कामे सभासद येण्यापूर्वी उरकलेली असत. जाळ्याची मधली उंची मोजण्यासाठी आजोबांना टेप लागत नसे. एक लाकडी रॅकेट जाळ्याला लावून उभी धरायची आणि तिच्या टोकावर दुसरीचे डोके आडवे ठेवायचे. पहिलीची लांबी २७ इंच आणि दुसरीच्या डोक्याची रुंदी ९ इंच, म्हणजे मिळून बरोबर ३ फूट. दुसऱ्या रॅकेटची वरची कड आणि जाळ्याची पांढरी पट्टी एका रेषेत आली की पट्टा बांधून टाकायचा. ही पद्धत त्यांनी मलाही शिकवली होती.

गावातले डॉक्टर, वकील आणि गिरण्यांचे अधिकारी त्यांच्याकडून खेळ शिकले. जिल्ह्याच्या स्पर्धा जिंकणारे खेळाडू सरावात त्यांच्याकडून हरत, असे त्या काळच्या जाणत्यांकडून मी ऐकलेले आहे. मात्र आजोबांनी स्वतः एकाही स्पर्धेत भाग घेतला नाही, अगदी त्या क्लबाच्या वार्षिक स्पर्धेतही नाही. विचारले की ते म्हणत, "मार्करला नाव देता येत नाही, तसा नियम आहे." हा नियम म्हणजे क्लबातल्या साहेबी भेदभावाला दिलेले सभ्य नाव असावे, असे मला बरीच वर्षे वाटत आले.

आता माझी मुलगी स्पर्धा खेळते. तिचे प्रशिक्षक दिवसभर पैसे घेऊन शिकवतात आणि बक्षिसाच्या रकमेच्या स्पर्धांत स्वतःही उतरतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्यामुळे विचारावेसे वाटते की असा नियम खरोखर होता का, तो कोणी आणि कशासाठी केला आणि तो केव्हा गेला? विजेत्यांच्या याद्या कुठेही सापडतात. मला समजून घ्यायचे आहे ते हे, की बागेतल्या करमणुकीचा हा खेळ स्पर्धेचा खेळ कसा बनला आणि त्या घडणीत कोणाला आत घ्यायचे नि कोणाला बाहेर ठेवायचे हे कसे ठरत गेले.

उत्तर : बेसलाइनवरून (पुणे)

आपल्या आजोबांनी सांगितलेला नियम खरा होता आणि तो सोलापूरच्या क्लबाने केलेला नव्हता. टेनिसची पहिली मोठी स्पर्धा ज्या जाहिरातीने जाहीर झाली, त्या जाहिरातीतच तो होता.

क्रम असा आहे. १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफिल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हिरवळीवर खेळण्याच्या एका खेळाचे पेटंट घेतले आणि जाळे, खांब, रॅकेट व चेंडू एका पेटीत घालून ती पेटी ५ गिनींना विकायला काढली. त्याचे कोर्ट डमरूच्या आकाराचे होते, जाळ्यापाशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद. तशाच प्रकारचा खेळ हॅरी जेम आणि ऑगुरिओ परेरा हे दोन मित्र बर्मिंगहॅममध्ये त्याआधीपासून खेळत होते, त्यामुळे जनकत्वाचा मान एकट्या विंगफिल्डला देणे मला योग्य वाटत नाही. तथापि त्याच्या पेटीमुळे हा खेळ घरोघरच्या हिरवळींवर पोचला, हे नाकारता येणार नाही. अडचण अशी होती, की प्रत्येक हिरवळीवर नियम वेगळे होते आणि नियम वेगळे असले की दोन गावांतल्या खेळाडूंची तुलनाच करता येत नाही.

ही अडचण १८७७ मध्ये सुटली. लंडनजवळ विम्बल्डन येथे १८६८ पासून क्रोकेचा, म्हणजे हिरवळीवर लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून मारण्याच्या खेळाचा, एक क्लब होता. क्रोकेची लोकप्रियता ओसरत होती, म्हणून क्लबाने काही हिरवळ टेनिसला दिली होती. क्लबाचा घोड्याने ओढायचा मोठा रोलर नादुरुस्त झाला होता आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करायचे म्हणून एक स्पर्धा भरवावी असे ठरले. "सर्व हौशी खेळाडूंना खुली" असे तिच्या जाहिरातीत म्हटले होते आणि प्रवेशशुल्क १ गिनी होते. या एका ओळीत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. 'सर्व' या शब्दाला लागूनच 'हौशी' ही अट घातलेली होती.

स्पर्धेपूर्वी हेन्री जोन्स, ज्युलियन मार्शल आणि सी. जी. हीथकोट यांच्या समितीने नियम नव्याने बांधले. डमरू गेला आणि ७८ फूट लांब, २७ फूट रुंद असा काटकोन चौकोन आला. आज आपली मुलगी एकेरीत ज्या कोर्टावर खेळते, त्याची मापे तीच आहेत. १५, ३०, ४० ही गुणमोजणी भिंतींच्या आत खेळल्या जाणाऱ्या जुन्या बंदिस्त टेनिसमधून घेतली गेली. माझ्या मते टेनिस हा स्पर्धेचा खेळ झाला तो या समितीच्या टेबलावर. विंगफिल्डच्या पेटीने खेळ पसरवला आणि या तिघांनी तो मोजता येण्याजोगा केला.

त्या पहिल्या स्पर्धेत २२ जणांनी नावे दिली होती. मध्ये लॉर्ड्सवर ईटन आणि हॅरो या शाळांचा क्रिकेट सामना होता, म्हणून स्पर्धा काही दिवस थांबवली गेली; पुढे पावसाने अंतिम सामना आणखी लांबला. सुमारे २०० प्रेक्षकांनी प्रत्येकी १ शिलिंग देऊन तो पाहिला आणि स्पेन्सर गोर याने तो सरळ सेट्समध्ये जिंकला. तेव्हा जाळे खांबांपाशी ५ फूट आणि मध्ये ३ फूट ३ इंच असे झोळासारखे बांधलेले असे. गोर जाळ्याजवळ येऊन चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच मारी आणि प्रतिस्पर्ध्याला कडेने उंच जाळ्यावरून फटका काढणे अवघड जाई. पुढच्या वर्षी फ्रँक हॅडो हा सिलोनमधला कॉफीचा मळेवाला सुटीवर आला होता. त्याने चेंडू गोरच्या डोक्यावरून उंच उचलून मागे टाकायला सुरुवात केली आणि विजेतेपद घेतले. इथे लॉब स्पर्धेच्या गरजेतून पुढे आला. त्यानंतर काही वर्षे नियम आणि डावपेच एकमेकांचा पाठलाग करत राहिले. १८८२ पर्यंत जाळे खांबांपाशी ३ फूट ६ इंच आणि मध्ये ३ फूट इतके उतरले आणि सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून २६ फुटांवरून २१ फुटांवर आली. आपल्या आजोबांची दोन रॅकेटची मोजणी ज्या ३ फुटांना येऊन थांबत असे, ते ३ फूट या ओढाताणीतून आलेले आहेत.

आता हौशीपणाविषयी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये खेळातून पैसा घेणे हे कनिष्ठपणाचे लक्षण मानले जाई. हेन्लीच्या नौकास्पर्धेने १८७९ मध्ये कारागीर आणि मजूर यांना थेट वगळले होते. टेनिसने 'मजूर' असे लिहिले नाही. खेळातून किंवा खेळ शिकवण्यातून पैसे घेणारा तो व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला हौशी स्पर्धा बंद, एवढेच म्हटले. परिणाम मात्र जवळपास तोच झाला, कारण ज्याला खेळावर पोट भरावे लागे, तो बाहेर राहिला.

क्रिकेटशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. क्रिकेटमध्ये व्यावसायिकाला वेगळ्या दाराने मैदानात यावे लागे, पण त्याला सामन्यात जागा होती. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीवर रोलर फिरवणारे आणि इंग्रज सभासदांना सरावासाठी गोलंदाजी टाकणारे पाळवणकर बाळू पुढे हिंदू संघाचे आघाडीचे गोलंदाज झाले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. जातीमुळे त्यांना जे सोसावे लागले ते भयंकर होते, वेगळ्या कपातला चहा आणि नाकारलेले कर्णधारपद यांसकट. तरीही त्यांच्या हाती चेंडू देण्याला खेळाच्या नियमाची आडकाठी नव्हती. टेनिसमधल्या मार्करला नियमाची आडकाठी होती.

उत्तर : चेंडूचा टप्पा (बार्शी)

वरील विवेचनाला एक जोड देतो.

व्यावसायिकाला बाहेर ठेवणे ही टेनिसची मूळ परंपरा नव्हे. फ्रान्समध्ये मध्ययुगापासून बंदिस्त, भिंती असलेल्या कोर्टात हा खेळ आधी तळहाताने आणि मग रॅकेटने खेळला जाई. तिथे चेंडू व रॅकेट बनवणाऱ्या आणि खेळ शिकवणाऱ्या उस्तादांचा रीतसर संघ होता. त्या जुन्या खेळाचे जागतिक विजेतेपद १७४० पासून मोजले जाते आणि त्याचे मानकरी बहुतांशी व्यावसायिकच आहेत. मार्कर हे पदही त्या कोर्टातलेच, गुण आणि टप्पे मोजून मोठ्याने सांगणाऱ्याचे. म्हणजे खेळ हिरवळीवर आला तेव्हा गुणमोजणी, जाळे आणि मार्कर ही सगळी सामग्री बरोबर आली, परंतु मार्करचा सामना खेळण्याचा मान मागे राहिला. मला या इतिहासातला हा सर्वांत खेदाचा भाग वाटतो.

खेळ हिरवळीवर येऊ शकला तो दोन साध्या शोधांमुळे. एडविन बडिंगचे गवत कापण्याचे यंत्र १८३० चे आणि चार्ल्स गुडइयरचे गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराचे पेटंट १८४४ चे. जुना चेंडू कापड आणि चिंध्या घट्ट आवळून केलेला असे. फरशीवर तो उसळे, पण गवतावर पडला की तिथेच बसे. पोकळ रबरी चेंडू गवतावरही उसळू लागला. आजही चेंडूची कसोटी उसळीवरूनच घेतात : २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडलेला नेहमीचा चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तोच चेंडू अधिक उसळतो, कारण उष्णतेने आतील हवेचा दाब वाढतो. उन्हाळी शिबिरातल्या मुलांचे फटके लांब का जातात, याचे एक कारण हे आहे.

सातरस्ता (सोलापूर)

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. बाळूंचा उल्लेख वाचून बराच वेळ पुढे वाचवले नाही.

आणखी दोन गोष्टी विचारतो. हा नियम फक्त शिकवणाऱ्यांनाच जाचक होता, की मोठ्या खेळाडूंनाही? आणि तो गेल्यावर आज स्पर्धेत प्रवेश कशावरून ठरतो? मुलीच्या निमित्ताने 'डब्ल्यू ३५' वगैरे शब्द कानांवर पडतात, पण त्यांचा अर्थ नीट उमगत नाही.

उत्तर : मधली पट्टी (मुंबई)

नियम मोठ्या खेळाडूंनाही जाचक होता. मात्र पहिले उदाहरण शिकवणाऱ्याचेच देतो, कारण ते आपल्या आजोबांच्या अगदी जवळचे आहे.

डॅन मॅस्केल हा लंडनमधल्या सामान्य घरातला मुलगा क्वीन्स क्लबात चेंडू उचलण्याच्या कामावर लागला आणि तिथेच शिकत शिकत प्रशिक्षक झाला. ब्रिटनमधल्या व्यावसायिकांची, म्हणजे क्लबांतल्या प्रशिक्षकांची, जी वेगळी स्पर्धा असे ती त्याने १६ वेळा जिंकली. १९२९ मध्ये विम्बल्डनच्या क्लबानेच त्याला प्रशिक्षक म्हणून नेमले. १९३३ मध्ये ब्रिटनने बऱ्याच वर्षांनी डेव्हिस करंडक, म्हणजे देशांच्या पुरुष संघांमधली स्पर्धा, परत जिंकली, त्या संघाची तयारी त्याने करून घेतली होती. मात्र ज्या कोर्टांवर तो रोज उभा राहत असे, त्या कोर्टांवरची अजिंक्यपद स्पर्धा त्याला कधीही खेळता आली नाही. पुढे बीबीसीवरील समालोचक म्हणून त्याचा आवाज घराघरांत पोचला. सोलापूरच्या मार्करला लागू असलेला नियम खुद्द विम्बल्डनच्या प्रशिक्षकालाही तितक्याच काटेकोरपणे लागू होता, हे आपल्याला कळावे म्हणून इतके सविस्तर लिहिले.

खेळाडूंची कथा वेगळ्या प्रकारची आहे. १९१३ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि हौशीपणाचा नियम देशोदेशी एकसारखा लागू होऊ लागला. विम्बल्डन, अमेरिकन, फ्रेंच आणि ऑस्ट्रेलियन या चारही अजिंक्यपद स्पर्धांत हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. दुसरीकडे लोक तिकिटे काढून सामने पाहायला येत होते, म्हणजे खेळात पैसा होता. फक्त तो खेळणाऱ्याच्या हाती उघडपणे जाऊ नये, अशी व्यवस्था होती. १९२६ मध्ये फ्रान्सच्या सुझान लेंगलेनने एका अमेरिकन संयोजकाशी करार केला आणि ती पैसे घेऊन सामने खेळू लागली. फ्रेड पेरी मजूर पक्षाच्या खासदाराचा मुलगा. १९३४ ते १९३६ अशी सलग ३ वर्षे त्याने विम्बल्डन जिंकले आणि नंतर तो व्यावसायिक झाला, तेव्हा क्लबाने त्याचे सन्माननीय सभासदत्व काढून घेतले. त्याच क्लबाने १९८४ मध्ये त्याचा पुतळा उभारला.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती पांचो गोन्झालिस याने. लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या गरीब घरातला हा मुलगा १९४८ आणि १९४९ अशी दोन वर्षे अमेरिकन विजेता झाला आणि एकविसाव्या वर्षी व्यावसायिक बनला. त्यानंतर विम्बल्डनचे दार त्याला थेट १९६८ मध्ये उघडले, तेव्हा तो ४० वर्षांचा होता. केन रोझवॉल १९५७ पासून ११ वर्षे बाहेर राहिला. रॉड लेव्हरने १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या आणि पुढची ५ वर्षे त्याला त्यांपैकी एकाही स्पर्धेत पाऊल ठेवता आले नाही. त्या काळातील विजेत्यांच्या याद्या वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण अनेक वर्षी जगातले सर्वोत्तम खेळाडू त्या यादीत असण्याची शक्यताच नव्हती.

जे हौशी म्हणून आत राहिले, ते प्रवासखर्चाच्या नावाखाली किंवा रॅकेट बनवणाऱ्या कंपन्यांतील नोकरीच्या रूपाने पैसे घेत आणि ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. विम्बल्डनचे तेव्हाचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांना हे ढोंग असह्य झाले होते. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांनी सेंटर कोर्टवर ८ व्यावसायिकांची स्पर्धा भरवली. लेव्हरने अंतिम सामन्यात रोझवॉलला हरवले आणि प्रेक्षकांची गर्दी पाहिल्यावर कोणाला काही पटवून देण्याची गरज उरली नाही. डिसेंबर १९६७ मध्ये ब्रिटिश संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच मोडीत काढला आणि ३० मार्च १९६८ रोजी महासंघाला पॅरिसमध्ये खुल्या, म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही प्रवेश असलेल्या, स्पर्धांना संमती द्यावी लागली.

एप्रिल १९६८ मध्ये बोर्नमथ येथे मातीच्या कोर्टावर पहिली खुली स्पर्धा झाली. खुल्या युगातला पहिला सामना जिंकणारा ओवेन डेव्हिडसन हा ऑस्ट्रेलियन खेळाडू तेव्हा ब्रिटनमध्ये प्रशिक्षक म्हणून काम करत होता. शिकवून पैसे घेणारा माणूस पहिल्याच दिवशी उतरला आणि जिंकला, ही बाब मला त्या वर्षातील कोणत्याही अंतिम सामन्याहून मोलाची वाटते. त्याच स्पर्धेत मार्क कॉक्स या हौशी खेळाडूने गोन्झालिसला ५ सेट्समध्ये हरवले. विजेतेपद रोझवॉलकडे गेले आणि त्या उन्हाळ्यात विम्बल्डन लेव्हरने जिंकले. त्याला २,००० पौंड मिळाले. अमेरिकेत विजेता ठरलेला आर्थर अ‍ॅश मात्र अजून हौशी म्हणून नोंदलेला होता, म्हणून १४,००० डॉलरचे पहिले बक्षीस हरलेल्या टॉम ओकरला देण्यात आले. नियम गेल्यानंतरही त्याच्या खुणा काही काळ राहिल्या, त्या अशा.

गोन्झालिसविषयी एक गोष्ट राहिली. १९६९ च्या विम्बल्डनमध्ये, ४१ व्या वर्षी, त्याने चार्ली पासारेलविरुद्ध दोन दिवसांत ११२ गेम खेळून सामना जिंकला. पहिलाच सेट २२-२४ असा गेला होता. असे अंतहीन सेट दूरचित्रवाणीच्या काळात परवडणारे नव्हते, म्हणून जिमी व्हॅन ॲलन याने बरीच वर्षे लावून धरलेला टायब्रेक, म्हणजे बरोबरीत आलेला सेट ठरावीक गुणांच्या एका गेमने संपवण्याची पद्धत, अमेरिकेने १९७० मध्ये आणि विम्बल्डनने १९७१ मध्ये स्वीकारला. विम्बल्डनमध्ये निर्णायक सेट तरीही टायब्रेकविना मोकळाच ठेवला गेला. २०१० मध्ये तिथेच इस्नर आणि माहू या खेळाडूंचा शेवटचा सेट ७०-६८ पर्यंत गेला. चारही मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटला एकसारखा १० गुणांचा टायब्रेक २०२२ मध्ये आला.

उत्तर : दक्षिणकसबा (सोलापूर)

हौशी नियमाला केवळ भेदभाव म्हणून मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही. रामनाथन कृष्णन यांचा खेळ ज्यांनी पाहिला, त्यांच्यापैकी काहींच्या सहवासात मी वाढलो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

१९५४ मध्ये कृष्णन विम्बल्डनचे कुमार विजेते झाले. १९६० आणि १९६१ मध्ये त्यांनी तिथे पुरुष एकेरीची उपांत्य फेरी गाठली. त्या काळात व्यावसायिक सामन्यांचे संयोजक जॅक क्रेमर यांनी त्यांना व्यावसायिक दौऱ्याचे निमंत्रण दिले होते आणि ते त्यांनी नाकारले. व्यावसायिक खेळाडूला डेव्हिस करंडकात देशाकडून खेळता येत नसे, हे लक्षात घेतले की या नकाराचे वजन कळते. १९६६ मध्ये कलकत्त्याला ब्राझीलविरुद्धच्या निर्णायक सामन्यात थॉमस कॉख दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता आणि चौथ्या सेटमध्येही ५-२ अशी त्याची आघाडी होती. तिथून कृष्णन यांनी सामना ओढून आणला आणि भारत प्रथमच अंतिम फेरीत पोचला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ४-१ असे हरवले. तो एक विजय कृष्णन आणि जयदीप मुखर्जी या जोडीने न्यूकोम आणि रोच यांच्यावर मिळवला. ही माणसे पैशासाठी खेळत नव्हती आणि त्यांचा हौशीपणा ढोंगी नव्हता. एवढे मात्र मान्य केले पाहिजे, की त्यांना निवड करण्याची मुभा होती. मार्करला तशी निवड नव्हती.

स्पर्धेपेक्षा मोठे काही असते, हेही भारतानेच दाखवून दिले. १९७४ मध्ये विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारत सरकारने सामना खेळण्यास नकार दिला आणि करंडक न खेळता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. त्या संघाला विजयाची चांगली संधी होती. तो निर्णय योग्य होता असे मी आजही मानतो, आणि खेळाडूंना त्याची जी किंमत द्यावी लागली ती विसरली जाऊ नये असेही मला वाटते. १९८७ मध्ये आपण तिसऱ्यांदा अंतिम फेरीत गेलो आणि स्वीडनकडून ५-० असे हरलो.

उत्तर : कोर्ट क्रमांक दोन (सोलापूर)

दादा, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण माझी मुलगीही याच वाटेवर आहे. मात्र आधी एक राहिलेला दुवा जोडते. वरच्या चर्चेत १९६८ मध्ये दार उघडले असे वाचायला मिळते, परंतु ते स्त्रियांसाठी अर्धेच उघडले होते.

विम्बल्डनमध्ये स्त्रियांची एकेरी १८८४ मध्ये सुरू झाली. तेव्हा १३ जणींनी भाग घेतला आणि मॉड वॉटसन पहिली विजेती ठरली. ३ वर्षांनी लॉटी डॉड वयाच्या पंधराव्या वर्षी जिंकली. अमेरिकेत अल्थिया गिब्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९५० मध्ये प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि १९५७ मध्ये तिने विम्बल्डन जिंकले. १९६८ मध्ये लेव्हरला २,००० पौंड मिळाले तेव्हा स्त्रियांच्या विजेत्या बिली जीन किंग यांना ७५० पौंड मिळाले. काही स्पर्धांत तफावत याहूनही मोठी होती. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीला १,५०० डॉलर ठेवले होते. तेव्हा ९ जणींनी ती स्पर्धा सोडली, ह्यूस्टनमध्ये टेनिसच्या मासिकाच्या प्रकाशक ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी १ डॉलरचा नाममात्र करार केला आणि स्वतःची स्पर्धा खेळल्या. आपापल्या देशाच्या संघटनेकडून बंदी येऊ शकते, हे माहीत असताना त्यांनी हे पाऊल उचलले. त्यातून १९७३ मध्ये स्त्री खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेने बक्षिसाची रक्कम समान केली. विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडावे लागले.

आता प्रवेशाविषयी. १९७३ मध्ये पुरुषांची संगणकीय क्रमवारी सुरू झाली आणि १९७५ मध्ये स्त्रियांची. त्याआधी कोणाला बोलवायचे हे बरेचसे संयोजकांच्या मर्जीवर आणि खेळाडूच्या नावावर ठरत असे. आता ते गुणांवर ठरते. आपण ऐकलेल्या 'डब्ल्यू ३५' मधील 'डब्ल्यू' म्हणजे महिलांची स्पर्धा, आणि आकडा विजेतीला मिळणारे गुण सांगतो : डब्ल्यू १५ जिंकणारीला १५, डब्ल्यू ३५ जिंकणारीला ३५, आणि पुढे ५०, ७५ व १०० अशा पायऱ्या आहेत. ग्रँड स्लॅम, म्हणजे वर आलेल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारीला २,००० गुण मिळतात. अंतर फार मोठे आहे, पण दोन्ही ठिकाणचे गुण एकाच क्रमवारीत मोजले जातात. गेल्या काही वर्षांत आपल्या सोलापुरातही महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत आणि परदेशी मुली इथल्या कोर्टांवर या गुणांसाठी लढताना आपल्या मुलींनी पाहिल्या आहेत.

अशा स्पर्धेत मुख्य फेरीतील बहुतेक जागा क्रमवारीनुसार भरतात, काही जागा पात्रता फेरीतून येणाऱ्यांना असतात आणि थोड्या थेट प्रवेशाच्या, म्हणजे वाइल्ड कार्डच्या, असतात. त्या बहुधा यजमान देशाच्या मुलींना दिल्या जातात, तेव्हा त्यासाठी राज्य व राष्ट्रीय क्रमवारी चांगली हवी. म्हणून आपल्या मुलीचे नाव आधी राष्ट्रीय संघटनेकडे नोंदवून घ्या आणि कुमार गटाच्या राष्ट्रीय मालिकेतील स्पर्धा नियमाने खेळवा. तेरा वर्षे पूर्ण झाली की आंतरराष्ट्रीय कुमार स्पर्धांचा मार्ग मोकळा होतो. मोठ्यांच्या स्पर्धांत चौदाव्या वर्षापासून उतरता येते, पण वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर वयानुसार मर्यादा असते. ती पाहूनच वेळापत्रक आखा. प्रशिक्षकांच्या प्रवेशाविषयी आपण विचारले होते, तर अर्जात खेळाडू काय काम करतो असा रकानाच नसतो. क्रमवारीत जागा असेल तर मुख्य फेरी, नसेल तर पात्रता फेरी.